मुक्कामाला कोण आहे

धुळाआप्पांच्या माळावर पाय ठेवायचा तर आधी बांधावर वहाणा काढाव्या लागत. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. चामड्याच्या वहाणा करकरतात आणि ती करकर माळावर फार लांब जाते, एवढंच कारण. पीकपाहणीला आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी एकदा बूट काढायला लावले होते. तलाठी दहा पावलं चालला, सराटे टोचले तसा उड्या मारत परत आला आणि कागदावर ‘पडीक’ असं लिहून निघून गेला. हा किस्सा सांगताना आप्पांच्या बोलण्यात तलाठ्याबद्दल राग नसायचा. पडीक म्हणजे माणसानं हात लावलेला नाही असं, मग बरोबरच लिहिलंय की, असं त्यांचं म्हणणं.

माळ आठ एकरांचा होता. केडगावहून भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याकडे निघालं की आधी नदीकाठचा ऊस लागतो, मग विहिरीवरचे कांदे, मग जमीन चढत जाते, काळी माती विरळ होते आणि मुरूम वर येतो. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला हा उंचवटा. पाऊस इथवर पोचेपर्यंत दमतो. सह्याद्रीकडे कोसळत असताना इथे आषाढात नुसता वारा वाहतो आणि ढग डोक्यावरून सोलापूरकडे निघून जातात. खरा पाऊस भाद्रपदात पूर्वेकडून येतो, संध्याकाळचा, गडगडत. कालव्याचं आणि पाइपलाइनचं पाणी जसजसं पुढे सरकलं तसतसा हा माळ ऊस होत गेला. शिरूरला मावशीकडे जाताना जीपच्या खिडकीतून मला तो बदल दरवर्षी दिसायचा. दोन्ही बाजूंना हिरवं आणि मध्ये एकच पिवळा तुकडा राहिला होता: हिवराची चार झाडं, तरवडाची झुडपं, एका कडेला डांबरी रस्ता, दुसऱ्या कडेला ओढा, बाकी सगळं गवत.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील गार्ड होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मला पक्षी इंग्रजीतून माहीत होते आणि माणसांशी बोलायचं कुठल्याच भाषेत फारसं जमत नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात बीएस्सीला असताना आम्हाला एक प्रकल्प दिला गेला. जमिनीचा एक तुकडा निवडायचा आणि तिथे वर्षभरात काय काय दिसतं ते लिहायचं. बाकीच्या मुलींनी कॉलेजजवळच्या टेकड्या घेतल्या. मी जीपमधून दिसणारा पिवळा तुकडा घेतला, कारण तिथे कोणी ओळखीचं भेटण्याची शक्यता नव्हती.

पहिल्या दिवशी मी रस्त्याकडून सरळ आत शिरले. मार्च संपत आला होता, ऊन चढलं होतं. शंभरेक पावलं गेले असेन, तोच मागून आवाज आला. मोठा नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा होता.

“पाय उचलू नगं.”

मी थांबले. घोंगडी खांद्यावर टाकलेला, उंच, वाळका म्हातारा अनवाणी माझ्याकडे येत होता. त्यानं काठीचं टोक माझ्या उजव्या पावलापासून वीतभर अंतरावर टेकवलं. तिथे खडे होते. नीट बघितल्यावर त्यातले दोन खडे अंडी निघाले.

“धाविकीची हायेत, त्या पळत्या पाखराची. आता डावा पाय उचल, माघारी ठेव. हां. कुनाची गं तू?”

मी वडिलांचं नाव सांगितलं, त्याला काही अर्थ नव्हता. मग गार्ड आहेत म्हणून सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं. मी इथे काय करते हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. गळ्यातली दुर्बीण मात्र मागून घेतली, उलटी डोळ्याला लावली, सगळा माळ लांब गेलेला बघून समाधानानं हसले आणि परत दिली. सरळ बाजूनं बघा म्हणून सांगण्याचा धीर मला पुढे महिन्याभरानं झाला.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. दौंडहून सकाळची गाडी केडगावला, तिथून वडाप जीप. प्रकल्प वर्षाचा होता, पण मी चार वर्षं जात राहिले.

आप्पा धनगर. तरुणपण सगळं मेंढरांमागे गेलेलं. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन खाली निघायचं, पावसाळ्याला परत यायचं, असं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चाललं होतं. पुढे चरायच्या वाटा बंद होत गेल्या, भावांनी मेंढरं विकली आणि तिघांत जमिनीची वाटणी झाली. थोरले म्हणून पहिली निवड आप्पांची होती. वाटणीत तीन तुकडे होते. एक ओढ्याखालचा, काळ्या मातीचा. दुसरा विहिरीला लागून. तिसरा हा माळ. आप्पा तिन्ही तुकडे हिंडून आले आणि त्यांनी माळ मागून घेतला.

ही गोष्ट मला त्यांच्या सुनेनं, सुमनवहिनींनी सांगितली. भाकरी थापता थापता, आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं. “समद्या गावानं माती बघून जमीन घितली. आमच्या आप्पांनी गवत बघून घितली. पवन्या हाय म्हनले, मारवेल हाय, असलं गवत बारामतीपत्तुर न्हाई. आन् मेंढरं तर आदल्याच साली इकलेली.”

आप्पा अंगणातून म्हणाले, मेंढरं विकली म्हणून काय डोळे पण विकले होते काय.

गावाला हसायला ही चूक पुरून उरली होती. मेंढपाळाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती. तिचा त्रास आप्पांना कमी आणि त्यांच्या मुलाला, पोपटभाऊंना जास्त झाला. शाळेत त्यांना ‘गवतवाल्याचा पोपट’ म्हणायचे. चुलतभावांचा ऊस कारखान्याला जायचा तेव्हा पोपटभाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पहिली पाळी करून, निळा शर्ट घालून, मोटारसायकलवरून त्याच उसाच्या कडेनं घरी यायचे. माणूस शांत होता. वडिलांशी ‘तुम्ही’ म्हणून बोलायचे, माझ्याशीही. पण माळाचा विषय निघाला की त्यांच्या हातातला पेला हळूच जमिनीवर ठेवला जायचा.

त्यांना तिथे शेत करायचं होतं. इच्छा साधी आणि रास्त होती. वाटणीतल्या एका चुकीच्या निवडीपायी त्यांनी आयुष्यभर कंपनीत का खपावं, हा प्रश्न होताच. आणि आप्पांना माळ तसाच हवा होता. दोघांचं भांडण मात्र मी कधी ऐकलं नाही, कारण आप्पा कधी नाही म्हणायचेच नाहीत. ते फक्त थोडी मुदत मागायचे.

त्याचं असं होतं. वाडा घेऊन फिरताना धनगर लोक शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढरांना जागा. मुक्काम किती रात्रींचा ते आधी ठरतं, आणि ठरलेल्या दिवशी उठायचं असतं. पण एखादी मेंढी व्यायला झाली असेल तर वाडा हलवत नाहीत. तळेगावच्या बाजूला एकदा असंच झालं होतं. आप्पा तेव्हा विशीतले. शेतकऱ्याला पेरायचं होतं, वाफसा झालेला, आणि इकडे दोन मेंढ्या अडलेल्या. त्या माणसानं काय केलं, तर वाड्याभोवतीचं सगळं रान पेरून घेतलं आणि मधला तुकडा तेवढा मोकळा सोडला. आठ दिवसांनी वाडा उठल्यावर तो पेरला. आप्पांना त्याचं नाव आठवत नव्हतं. पण ते रान कसं होतं, बांधावर किती लिंबं होती, पाभर कुठल्या कोपऱ्यात वळली, हे सगळं ते सांगायचे.

तोच हिशेब त्यांनी माळाला लावला होता. पोपटभाऊंनी उन्हाळ्यात विषय काढला की आप्पा म्हणायचे, धाविक आणि टिटव्या अंड्यावर आहेत, पिलं पळायला लागू देत. पिलं पळायला लागली की पाऊस; गवतात लावे बसलेले. लावे उठले की गवताला तुरे आलेले, बी पडू दे. बी पडलं की थंडीची पाखरं उतरलेली, ती लांबून आलेली असतात, त्यांना उठवायचं म्हणजे फारच वाईट. आणि पाखरं परत जायला निघाली की कुठेतरी खोकडी व्यालेली. खोकड म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, शेपटीचं टोक काळं असलेला.

“आता मुक्कामाला हायेत ती,” आप्पा म्हणायचे.

सुमनवहिनी एकदा म्हणाल्या, आमच्या घरात मी सोडून सगळ्यांची बाळंतपणं नीट होतात.

पण आप्पा खोटं बोलत नव्हते. रोज सकाळी ते माळाची एक फेरी करत. भरभर चालत नसत आणि एकदम वळत नसत. वळायचं असेल तर मोठं वर्तुळ घेत, बैलगाडीसारखं. आत असताना आवाज चढवत नसत. मी इंग्रजी नाव वाचून दाखवलं की ते पक्ष्याकडे बघत आणि आपलं नाव सांगत. वर उडून दगडासारखा खाली कोसळणारा आणि जमिनीला टेकता टेकता सावरणारा एक चिमणीएवढा पक्षी होता, तो ‘डोंबारी’. सकाळी उशिरा पाण्यावर जोडीनं येणाऱ्या त्या ‘पखुर्ड्या’. माझ्या वहीत दोन रकाने झाले. पुढे मी इंग्रजी रकाना भरायची विसरू लागले.

माझी मराठी हा त्यांचा आवडता खेळ होता. मला मराठी आकडे येत नसत. त्यांचं वय विचारलं तेव्हा ते एकोणसत्तर म्हणाले आणि मी वहीत ७९ लिहिलं. दहा वर्षं फुकट मिळाली म्हणून त्यांनी चार घरी सांगितलं. त्यानंतर पाहुणे बसलेले असले की ते गंभीर चेहऱ्यानं मला विचारत, चौसष्ट म्हंजी किती गं पोरी, आणि मी बोटांवर इंग्रजीत मोजायला लागले की पाहुण्यांकडे बघत. माझा चेहरा लाल व्हायचा. तरी मला त्याचा राग आला नाही. कॉलेजात कोणी मला काही विचारतच नसे.

हवामानासाठी त्यांच्याकडे लोकर होती. हिवराच्या काट्याला मेंढीच्या लोकरीचा एक झुपका अडकवलेला असे. वारा कुठला ते त्यावरून कळे, पण खरा उपयोग वेगळा होता. सकाळी ते झुपका काढून दोन बोटांत चोळत. हवेत ओल असेल तर लोकर जड लागते. मला चोळायला देत आणि काय वाटतं विचारत. मला कधीच काही वाटलं नाही. त्यांचा अंदाज मात्र बहुतेक बरोबर यायचा, एकदा सोडून. एका एप्रिलमध्ये सुमनवहिनींनी बाजेवर कुरडया घातल्या होत्या. आप्पा फेरीवरून घाईनं आले, लोकर जड आहे, दुपारनंतर कोसळणार म्हणाले, आणि ओल्या कुरडया उचलून घरात घ्यायला लावल्या. थेंब पडला नाही. कुरडया घरात आंबल्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी डोक्यावरचा पदर सारखा करून अगदी आदरानं विचारायच्या, “आप्पा, लोकर काय म्हंती आज? धुणं वाळत घालू का नगं?” आप्पा ऐकलं नाही असं दाखवत.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. आषाढातले ढग गेले ते गेलेच, भाद्रपदातलेही फिरकले नाहीत. लोकर चोळली की कागदासारखी वाजायची. गवत वीतभर वाढून थांबलं आणि दिवाळीपर्यंत राखाडी झालं. त्या हिवाळ्यात लांबची पाखरं उतरली नाहीत. पखुर्ड्या दिसेनाशा झाल्या. फेब्रुवारीत मी रस्त्याकडची बाजू ओळीनं पालथी घातली, तीन रविवार, आणि वहीची पानं कोरी ठेवून परत आले. ओढ्याकडे जायला वेळ उरत नव्हता. आप्पा फेरी करत होते, पण परत आल्यावर काही सांगत नव्हते.

त्याच सुमारास गावाचा पाझर तलाव आटला. तलाव आटला की तळाचा गाळ उघडा पडतो. काळा, वर्षानुवर्षं साचलेला. लोक ट्रॅक्टर लावून तो उचलतात आणि मुरमाड जमिनीवर पसरतात. दोन फूट गाळ पडला की माळाचं शेत होतं. असा गाळ दुष्काळातच मिळतो. एकदा पाऊस पडून तलाव भरला की पुन्हा दहा-पंधरा वर्षं हाताला लागत नाही. पोपटभाऊंनी रजा टाकली, माळ साफ करायला मशीन ठरवलं, ट्रॅक्टरवाल्यांना सांगून ठेवलं आणि त्या रविवारी मी चहा पीत असताना आप्पांसमोर येऊन बसले.

आप्पा म्हणाले, आत मुक्कामाला आहेत.

“कोण हाय?” पोपटभाऊंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. “आप्पा, मी लहानपणापास्नं ऐकतोय. कवा कुनी नसतं आत? ताई, तुम्ही शिकल्याल्या. तुमची वही काढा आन् सांगा. आत्ता आत कोण हाय?”

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. दारातल्या उन्हाकडे बघत होते. सुमनवहिनींचा हात पिठात थांबला होता. मला वाटलं, कुठलंही एक नाव घ्यावं. धाविक म्हटलं असतं तरी चाललं असतं, कोणी तपासायला जाणार नव्हतं. मी वही उघडली. पानं कोरी होती.

“रस्त्याच्या बाजूला कोणी नाही,” मी म्हणाले. “ओढ्याकडचं मी अजून बघितलेलं नाही.”

पोपटभाऊंनी मान हलवली. आप्पा उठले, काठी घेतली आणि बाहेर गेले.

पुढे ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी कॉलेजला रजा टाकून तो आठवडा मावशीकडे राहिले आणि रोज माळावर गेले, म्हणून मला ते पुरतं भोगावं लागलं. चहा झाला की ते सुनेला सांगायचे, त्यांना चहा द्या. मला अहो-जाहो सुरू झालं होतं. सुमनवहिनी पेला माझ्या हातात देताना म्हणाल्या, एवढी खरी बोलायची काय गरज होती, जरा अडखळायचं तरी. मशीन सोमवारपासून रस्त्याच्या बाजूनं चालू झालं. तरवडाची झुडपं निघाली, एक हिवर निघाला. मागोमाग ट्रॅक्टर गाळ टाकत गेले. पिवळ्यावर काळं पसरत गेलं. आप्पा बांधावर बसून बघत. मशीन थांबवा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ऑपरेटर बिहारचा होता. दुपारी तो त्यांच्या शेजारी येऊन डबा खायचा, आणि आप्पा त्याला मराठीत आणि तो त्यांना हिंदीत गावाकडच्या पावसाचं सांगायचा.

शुक्रवारी सकाळी उजाडता उजाडता मी ओढ्याकडे गेले, तर आप्पा आधीच तिथे होते. ओढा कोरडा होता. काठावर बोराटीचं जाळं होतं, त्याच्या अलीकडे ते घोंगडी अंथरून पालथे पडले होते. मी शेजारी आडवी झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग जाळ्याखालच्या बिळातून एक खोकडी बाहेर आली, कान मोठे, बरगड्या दिसत होत्या. ती खाली बसली आणि तिच्या मागून पिलं आली. मातीच्याच रंगाची, धडपडत, एकमेकांच्या अंगावरून.

आप्पांची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्यांना हालचाल कळत होती, पण नीट दिसत नव्हतं. पाच दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

“किती?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

मी चार बोटं त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. त्यांनी ती बघितली आणि हनुवटी हातांवर टेकवली. मला वाटलं, आता ते उठून मशीनकडे जातील. ते उठले नाहीत. लांबून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी काही सांगून आता चालणार नव्हतं. ते इतकी वर्षं सांगत आले होते.

मी पळत गेले. माझ्या आयुष्यात मी इतक्या माणसांसमोर मोठ्यानं बोलले नव्हते. दोन ट्रॅक्टरवाले, ऑपरेटर, पोपटभाऊ आणि त्यांचे एक चुलतभाऊ. मी मशीनसमोर उभी राहिले तेव्हा ऑपरेटर “मॅडम, हटिए” म्हणाला. मी पोपटभाऊंना सांगितलं: ओढ्याकाठी खोकडी आहे, चार पिलं आहेत, डोळे उघडलेले आहेत, बीळ सोडून जायला दोन महिने लागतील.

चुलतभाऊ हसले. म्हणाले, आप्पांनी आता पोरीला पढवलं.

पोपटभाऊंनी मला विचारलं, “तुम्ही बघितली?”

“हो.”

ते तलावाच्या दिशेनं बघत राहिले. दोन महिन्यांत गाळ संपणार, नाहीतर पाऊस येणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ओढ्यापर्यंत चार एकर उरले होते. मग त्यांनी हात वर करून ऑपरेटरला मशीन बंद करायला सांगितलं. ते बघायला गेले नाहीत. चुलतभावांनी चला, जरा बघून तरी येऊ म्हटलं, तर म्हणाले, गरज नाही.

“त्या दिवशी न्हाई म्हनल्या त्या,” ते म्हणाले. “आज हाय म्हनत्यात. मग हाय.”

मशीन त्याच दुपारी दुसऱ्याच्या रानात गेलं. घरी सुमनवहिनींनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या की आता डिंकाचे लाडू वळायचे का खोकडीला, आणि चुलीकडे वळल्या. संध्याकाळी आप्पांनी मला हाक मारली. “चा घे गं पोरी.” चहा झाल्यावर, पाहुणे नसताना, चौसष्ट म्हणजे किती ते विचारलं.

एप्रिलच्या शेवटी पिलं बिळातून गेली. तलावात तोवर खडक दिसायला लागला होता. त्या वर्षी जूनमध्येच पाऊस आला आणि तलाव भरला.

रस्त्याकडच्या चार एकरांत पोपटभाऊंनी पहिल्या वर्षी कांदा केला. आप्पा तिकडे वहाणा घालून जात. मला वाटलं होतं ते तो भाग टाळतील, पण तसं झालं नाही. वाफ्यांतून हिंडत, कांद्याची पात मोडून वास घेत. भाकरीबरोबर पहिला कांदा फोडला तेव्हा त्यांनी दुसरा मागून घेतला. पोपटभाऊ दोन वेळा उगाच आत जाऊन आले.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली आणि रविवार संपले. सुमनवहिनींशी फोनवर बोलणं होई. आप्पांची नजर गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. ऑपरेशननं सुधारण्यासारखं नव्हतं. फेरी बंद झाली होती.

लग्न ठरल्यावर मी एकदा सांगायला गेले. डिसेंबरचे दिवस होते, पाऊस चांगला होऊन गेलेला. जीपमधून उतरले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. घराला कुलूप होतं, म्हणून मी उसाच्या कडेनं मागे गेले. पोपटभाऊंनी एव्हाना ऊस लावला होता. ऊस संपतो तिथे बांध, आणि बांधापलीकडे कमरेएवढं पिवळं गवत ओढ्यापर्यंत.

बांधावर दोघं बसले होते, माझ्याकडे पाठ करून. आप्पा घोंगडीत, पोपटभाऊ कंपनीच्या निळ्या शर्टात. मी हाक मारणार होते, तेवढ्यात आभाळात ते दिसले. भोवत्या. लांब पंखांचे, पाय खाली सोडून गवताला घासत तरंगणारे शिकारी पक्षी. थंडीत फार लांबून येतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर झोपतात. चार वर्षांत माझ्या वहीत एकाचीही नोंद नव्हती. आता ते चारी बाजूंनी येत होते. गवतावर गोल फिरत आणि एकेक करून आत उतरत, आणि उतरल्यावर दिसेनासे होत.

पोपटभाऊ हलक्या आवाजात मोजत होते. प्रत्येक आकड्याला आप्पांची मान किंचित हलत होती. ऊन गेलं. आकाश काही वेळ मोकळं राहिलं. सव्वीस, पोपटभाऊ म्हणाले, आणि उठायला म्हणून त्यांनी हात जमिनीला टेकवला.

आप्पांनी त्यांचा हात धरला आणि खाली बसवलं.

“दम धर,” ते म्हणाले. “अजून येत्यात.”

पोपटभाऊ पुन्हा बसले. मी उसाच्या कडेला तशीच उभी राहिले. पश्चिमेकडून, नदीच्या अंगानं, आणखी तीन येत होते.